गुलाबी सुरगाठ

रंगाच्या कारखान्यात मिश्रण खात्याचे मास्तर आणि पॅकिंगमधल्या वहिनी हे नवराबायको. एकदा डबा खाताना मास्तर चारचौघांत बोलून गेले, की आमच्या हिच्या घोरण्यापुढे इथली यंत्रं झक मारतात. बातमी पॅकिंगपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? वहिनींनी अबोला धरला. घरातला सगळा कारभार लेकीमार्फत चालू झाला.

त्यातच घातक रसायनं हाताळायचं प्रशिक्षण आलं. शिकवायला आलेल्या बाईंनी सगळ्यांच्या हातमोज्यांना एक निरुपद्रवी पूड फासली. एरवी ती दिसत नसे. जांभळ्या दिव्याखाली मात्र मिश्रणवाल्यांची हिरवी चमके, पॅकिंगवाल्यांची गुलाबी. हे विष आहे असं समजा, बाईंनी बजावलं. रिकामी पिंपं हलवायची, मग मोजे उलटे करत काढायचे, आणि मधे कशाला की कोणाला हात लावायचा नाही.

मास्तर पिंप ढकलत असताना त्यांच्या ॲप्रनचे बंद सुटून पायांत घोळू लागले. मागून कोणीतरी येऊन ते बांधून गेलं. मास्तरांनी वळूनही पाहिलं नाही. "उपकार झाले, भाऊ," एवढं मास्कमधून म्हणाले.

सगळ्यांचं आटोपल्यावर बाईंनी अंधार करून जांभळा दिवा लावला. मास्तरांचं नाक हिरवंगार निघालं. मास्क सरकवून नाक खाजवायची त्यांची सवय ठाऊक असल्यानं त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. मग त्यांना पाठमोरं उभं केलं, तर कमरेवर टुमदार गुलाबी सुरगाठ.

पॅकिंगच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. हे कोणाचं काम, बाईंनी विचारलं. वहिनी पुढे झाल्या.

"पडले असते तोंडावर," त्या म्हणाल्या. "मग दवाखान्यात हेलपाटे कोणी घालायचे?"

हेतू चांगला, बाई म्हणाल्या, पण विषाच्या हातानं माणसाला शिवलात. आधी लांबून हाक मारायची, काम थांबवायला सांगायचं.

"त्यासाठी बोलावं लागतं," मागून कोणीतरी पुटपुटलं.

दोघंही नापास झाली. दुसऱ्या दिवशी फेरपरीक्षेला आणखी कोणी नव्हतंच. वहिनींनी बाईंची शिकवण फारच मनावर घेतली. मास्तर पिंपाजवळ जायचा अवकाश, की "अहो, थांबा," "अहो, जरा जपून" सुरू. मास्तर हाकेसरशी जागच्या जागी उभे राहत. मग हळूहळू हाक नसतानाही थांबून बायकोकडे बघू लागले.

बाईंनी दोघांना पास केलं. फार वेळ लावला, हे मात्र त्यांनी कुठे लिहिलं नाही.