कंसातले दोन शब्द

थोरलीने त्या इमारतीत एकतीस वर्षं एकच काम केलं: लोक बोलतील ते लिहून घ्यायचं. सामाईक नद्यांच्या संघटनेची ती इतिवृत्त-लेखिका. एकाहून जास्त देशांतून वाहणाऱ्या नद्यांच्या पाण्यावरून डोकी फुटू नयेत म्हणून देशांनीच मिळून ही संघटना काढलेली. ती नोकरीला लागली तेव्हा एकोणीस देश होते आणि सगळे एका लांब टेबलाभोवती मावत. आता एकशे अठ्ठावीस झाले होते. मागच्या रांगेतल्यांना अध्यक्ष दिसत ते पडद्यावरच.

धाकट्या बहिणीला तिथे आणलं तिनेच. अर्ज तिने आणून दिला. ‘चिंता व्यक्त केली’ आणि ‘तीव्र चिंता व्यक्त केली’ यांत किती कोसांचं अंतर असतं, ते तिने स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता शिकवलं. आणि गेल्या वर्षी धाकटी संघटनेची सचिव होऊन बसली. व्यासपीठावर, अध्यक्षांच्या शेजारी. थोरलीचं टेबल खाली, खांबाच्या आडोशाला. घरी जिला ‘ए बावळट’ म्हणायची, तिला इथे ‘सचिव मॅडम’ म्हणावं लागे, आणि प्रत्येक ‘मॅडम’ तिला टोचे.

आईने वर्तमानपत्रातला फोटो कापून कपाटाच्या दाराला चिकटवला होता. “धाकटीने नाव काढलं हो!” येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. फोटोच्या कडेला कुणाचं तरी कोपर आलं होतं. ते थोरलीचं होतं.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सगळं घोडं एका कलमावर अडलं. धरणाचं पाणी सोडण्याआधी वरच्या देशाने खालच्या देशाला बहात्तर तास आधी कळवावं, असं ते कलम. वरच्या देशाच्या प्रतिनिधीला त्यात ‘शक्य असल्यास’ हे दोन शब्द हवे होते. ज्यावर एकमत नाही ते चौकोनी कंसात टाकायचं, ही तिथली रीत. म्हणून ते दोन शब्द गेली तीन अधिवेशनं कंसात कोंडून पडले होते.

धाकटीने सकाळपासून चार मसुदे फिरवले. चारही परत आले. तिच्या ओठांवर घाम दिसू लागला, आणि थोरलीला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं.

कारण वाट कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. पूर्वी संघटनेत एक जरी देश ‘नाही’ म्हणाला तरी सगळं बारगळे. एका हट्टी सभासदाने तीन वर्षं प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ म्हटलं, तेव्हा वैतागून चौदाव्या अधिवेशनात एक तोड काढली गेली: ज्याला पटत नाही त्याने आपली असहमती परिशिष्टात नोंदवावी आणि आड येऊ नये. नियम मंजूर होईल आणि सगळ्यांना लागू होईल. पुढे हा ठराव कुणी वापरलाच नाही. संगणकावर चढवलेली इतिवृत्तं अठराव्या अधिवेशनापासूनची. त्याआधीची तळघरात, कापडी बांधणीत. चौदावं तिनेच टंकलेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती खाली गेली, तो खंड शोधला, पान पाहिलं आणि वर आणून मांडीवर वहीखाली ठेवला. ‘होऊ दे हिची फजिती,’ ती मनात म्हणाली. ‘नुसत्या खुर्चीने अक्कल येत नाही, हे कळू दे एकदा.’

चारच्या सुमारास खालच्या देशाच्या प्रतिनिधीने आपल्या देशाची पाटी उभी केली. म्हणजे बोलायचंय. पूरनियंत्रणातली इंजिनियर बाई, आवाज बसलेला. ती एवढंच म्हणाली, “आमच्याकडे पाणी येतं, तेव्हा ते ‘शक्य असल्यास’ येत नाही.”

थोरलीने वाक्य लिहिलं. पुढच्या दोन वक्त्यांचं काय लिहिलं ते मात्र तिला कळलं नाही. दुभाषे सहाच्या ठोक्याला उठतात, आणि दुभाषे उठले की अधिवेशन संपलं. पाच वाजून दहा मिनिटांनी ती खंड घेऊन व्यासपीठावर चढली, धाकटीच्या खुर्चीमागून गेली आणि उघडं पान अध्यक्षांसमोर ठेवलं.

अध्यक्षांनी चष्मा वर सारून वाचलं. मग मोठ्याने वाचलं. वरच्या देशाचा प्रतिनिधी फोन घेऊन बाहेर गेला, वीस मिनिटांनी आला.

“आमची असहमती शब्दशः छापणार?”

“शब्दशः,” अध्यक्ष म्हणाले.

त्या गृहस्थाला नियमाची तेवढी भीती नव्हती. घरी जाऊन ‘मी झुकलो’ असं सांगायची होती. त्याने मान हलवली. हातोडा पडला, आणि ते दोन शब्द वगळून कलम मंजूर झालं.

पान सचिवांनीच मागवलं असणार, असं अध्यक्षांनी धरलं. “आपल्या सचिवांची दक्षता नसती, तर हे झालं नसतं,” ते म्हणाले, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. धाकटीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, खाली खांबाकडे पाहिलं, आणि मग हसून मान लववली. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जिन्यात धाकटीने तिला गाठलं. “ताई, मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मला का नाही दिलंस?”

“टाळ्या तर तुलाच मिळाल्या ना?”

“कधीपासून होतं तुझ्याकडे?”

“पुस्तक दुपारपासून. डोक्यात सकाळपासून.”

धाकटीने कठडा धरला. “म्हणजे मी तिथे घामाने निथळत होते आणि तू बघत होतीस?”

“हो.”

“मजा वाटली?”

“वाटली. बराच वेळ.”

“मग दिलंस तरी कशाला?”

“त्या बाईसाठी. तुझ्यासाठी नाही.”

धाकटी जिना उतरून गेली. पंधरा दिवस तिने फोन केला नाही. आई दोघींना वेगवेगळं विचारी, “काय गं, बिनसलंय का काही?” आणि दोघी वेगवेगळ्या म्हणत, “कामं आहेत.”

इतिवृत्त लिहायला थोरलीच बसली. कर्मचाऱ्यांची नावं इतिवृत्तात घालत नाहीत. तिने लिहिलं: ‘चौदाव्या अधिवेशनाचा ठराव सचिवालयाने निदर्शनास आणला.’ स्वतःचं नाव घालावंसं वाटलं, पण एकतीस वर्षांत नियम मोडला नव्हता, तो आता काय मोडायचा?

मसुदा मंजुरीसाठी धाकटीकडे गेला आणि दुसऱ्याच दिवशी सही होऊन परत आला. चिठ्ठी नाही, शेरा नाही. फक्त सातव्या पानावर, लाल पेनाने, एक स्वल्पविराम घातलेला.

थोरलीने ते वाक्य तीनदा वाचलं. स्वल्पविराम तिथेच हवा होता. “दीडशहाणी!” ती दात-ओठ खात म्हणाली, आणि संगणकात तो घालून पान छपाईला धाडलं.