चालू यंत्रातली रिकामी जागा

"थांब, रीस्टार्ट मारू नकोस," वैदेही म्हणाली.

हर्षदने हात मागे घेतला. रत्नागिरीतल्या या खासगी रुग्णालयाचे संगणक तो सांभाळायचा. अतिदक्षता विभागातल्या सगळ्या रुग्णांचे ठोके नि श्वास एका मोठ्या स्क्रीनवर दिसत आणि सकाळपासून तो स्क्रीन मधूनमधून गोठत होता.

"रीस्टार्ट केला की चालतो गं. थोडे दिवस."

"मग परत गोठतो. बंद केलंस की कारणही पुसलं जातं. चालू असतानाच आत बघू दे."

वैदेही माळनाक्यावरच्या घरात बसून कित्येक वर्षं लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे संगणकाच्या अगदी गाभ्यावर, काम करत होती. शेजाऱ्यांना वाटे, ही टायपिंगची कामं घेते. तिनेही कधी खुलासा केला नव्हता. हर्षदला मात्र ठाऊक होतं, म्हणून आज त्यानेच तिला बोलावून घेतलं होतं.

कर्नलमधल्या बहुतेक फंक्शनच्या, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्यांच्या, सुरुवातीला एक रिकामी जागा सोडलेली असते. तिथे नोंद घेणारी सूचना बसवली, की कोणतं फंक्शन कधी चाललं ते कळतं. पण यंत्र चालू असताना ती बसवायची, तर अर्धी जुनी नि अर्धी नवी सूचना एखाद्या प्रोसेसरच्या वाट्याला येऊन सगळं कोसळू शकतं. म्हणून आधी तिथे थांब्याची खूण ठेवायची, येणाऱ्याला सुखरूप पुढे काढायचं, उरलेली सूचना लिहायची आणि शेवटी खूण उचलायची. हे काम करणाऱ्या काही ओळी वैदेहीच्या होत्या. त्या तिने घरच्या टेबलावर असंख्य वेळा चालवल्या होत्या. तिथे यंत्र बंद पडलं तर ती चहा करून यायची.

इथे काचेपलीकडे माणसं झोपली होती.

तिने आधी राखीव यंत्रावर सगळं करून पाहिलं. मग ज्ञानेश्वरी सिस्टरना बोलावलं.

"म्याडम, स्क्रीन जायचा नाय ना?" सिस्टरनी विचारलं.

"जायला नको. पण मी सांगेपर्यंत तुम्ही सगळ्या खाटांजवळच थांबाल का?"

"थांबतो की. आमी सकाळपासून खाटांजवळच हाव."

वैदेहीने मोजकीच फंक्शनं निवडली आणि एंटर दाबलं. स्क्रीनवरच्या हिरव्या रेषा तशाच धावत राहिल्या.

"झालं?" हर्षद कुजबुजला.

"बसलं. आता गोठायची वाट बघायची."

थोड्या वेळाने स्क्रीन गोठला. सिस्टर एकेका खाटेजवळच्या छोट्या यंत्रावरचे आकडे मोठ्याने सांगत राहिल्या. रेषा पुन्हा हलल्या, तेव्हा नोंदी समोर होत्या. खाटांकडची माहिती आणणारं नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरमधलं एक फंक्शन कार्डाच्या उत्तराची वाट पाहत अडकून पडत होतं. कार्डच थकलं होतं.

"दुसरं कार्ड आहे ना यात?"

"आहे. वापरलंच नाही कधी."

सिस्टरना सांगून हर्षदने केबल हलवली. रेषा क्षणभर थबकल्या आणि वाहू लागल्या. दुपार सरली तरी स्क्रीन पुन्हा गोठला नाही. वैदेहीने लावलेल्या सूचना तशाच हलक्या हाताने काढून घेतल्या.

तिने काचेतून पाहिलं. पलीकडच्या खाटेवरचे म्हातारे आजोबा तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपले होते. आपल्या ओळी कुणाच्या उशाशी चालतात, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिला फार बरं वाटलं, आणि ते कुणाला सांगावं असंही वाटलं नाही.

आत ज्ञानेश्वरी सिस्टरनी सकाळपासून पहिल्यांदाच काचेशी खुर्ची ओढली, चपला काढल्या आणि मोठ्या स्क्रीनकडे तोंड करून, दोन्ही पाय लांब करून त्या बसल्या. वैदेहीने आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं.