अजून बराच अवकाश

तिने बॅग दारातच टेकवली आणि चपला काढता काढता भावाला विचारलं,

"आज कशी आहे रे आई?"

"मघाशी मला नावाने हाक मारली. चांगला दिवस आहे, ताई."

तिला हायसं वाटलं. ती विद्यापीठात गणित शिकवायची. डॉक्टरांनी आईच्या विसराळूपणाला आजाराचं नाव दिलं तेव्हा भाऊ रडला आणि हिने कागद पुढे ओढला. तीन अवस्था मांडल्या: ओळखते, चाचपडते, ओळखत नाही. तिसरीतून परतणं नाही. भाऊ रोज फोनवर आईची अवस्था कळवायचा. त्यावरून, आजची आई उद्या कोणत्या अवस्थेत असेल याच्या शक्यता तिने काढल्या. उद्यापर्यंतचा एक दिवस, अधिक तिथून पुढची सरासरी, अशी समीकरणं सोडवली. तिसरी अवस्था गाठायला सरासरी दोन वर्षं.

सरासरी म्हणजे वचन नव्हे, हे ती दरवर्षी पोरांच्या कानीकपाळी ओरडायची. तरी आईला मात्र तिने फोनवर बिनदिक्कत सांगून टाकलं होतं, "मी हिशेब केलाय. अजून बराच अवकाश आहे. परीक्षा उरकल्या की येतेच." परीक्षा उरकल्या, मग परिषद आली, मग आणखी काहीबाही. वर्ष कसं सरलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

आई खिडकीशी बसून रुमालांच्या घड्या घालत होती.

"आई."

आईने वर पाहिलं, हसली आणि रुमाल सारून शेजारी जागा केली.

"बसा ना. लांबून आलात का?"

भाऊ लगबगीने पुढे झाला.

"आई, अगं ही..."

तिने हातानेच त्याला थांबवलं.

"बाळा, पाणी आण यांच्यासाठी," आई त्याला म्हणाली.

भावाने एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. आई त्याला ओळखत होती. 'ओळखते' म्हणजे कोणाला, एवढंच विचारायचं हिला वर्षभरात सुचलं नव्हतं.

"माझी लेकसुद्धा लांब असते," आई सांगू लागली. "फार हुशार आहे. येणार आहे ती."

"कधी?" तिने कसंबसं विचारलं.

"घाई नाही हो. तिने हिशेब केलाय, अजून बराच अवकाश आहे." आईने थोडे रुमाल तिच्याकडे सरकवले. "तोवर एवढ्या घड्या घालू लागाल?"