कुसळीचा पट्टा

शहाजादीला चित्तेवान मौलाने स्वतःच्या हाताने शिकारीसाठी तयार केलं होतं. कोल्हापूरच्या शिकारखान्यातली ती मादी चित्ता. सलग दोन वर्षं तिला एकही काळवीट मिळालं नव्हतं.

"दसऱ्याआधी एक तरी धर म्हणावं तिला," शिकारखान्याचे दरोगा हंबीरराव म्हणाले. "न्हायतर पिंजऱ्यात ठेवायचा हुकूम हाय. पावणं येत्यात, बघत्यात."

"पिंजऱ्यात झुरंल ती, राव."

"मला का कळत न्हाय? पर माझ्या हातात काय हाय, सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मौलाने शहाजादीच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी बांधली, तिला बैलगाडीत बसवलं आणि नृसिंहवाडीच्या रस्त्यावरचा माळ गाठला. काळविटं बैलगाडीला बुजत नाहीत. मौलाची सगळी विद्या त्यावरच उभी होती. गाडी फेऱ्या मारत हळूहळू कळपाजवळ न्यायची आणि टोपी काढायची. मग गुडघाभर गवतात चित्ता पोट टेकून सरकतो आणि अगदी जवळ गेल्यावरच झेपावतो. त्याचा दम फार टिकत नाही. गवताचा आडोसा हवाच.

पण माळ कुठे होता? १९१८च्या फ्लूच्या साथीनंतर दरबाराने तो भूमिहीनांना कसायला दिला होता. जिकडे बघावं तिकडे काळी ढेकळं. चंडोलाचा आवाजसुद्धा ऐकू येईना.

बांधावर बनाबाई उभी होती. पूर्वी ती याच माळावर पागेच्या घोड्यांसाठी गवत कापायची.

"या, मौलाभाई. बरं झालं आलासा. काळविटांनी माझा समदा मूग खाल्ला. आता शाळवासाठी नांगरलंय."

"हे रान तुमचं?"

"माझंच की. जल्म गेला दुसऱ्याच्या बांधावर. आता चार बिघं नावावर हायत."

नांगरलेला माळ बघून मौलाच्या मनात राग साठला होता. तिचा उजळलेला चेहरा बघून त्याने एवढंच विचारलं,

"गवत राखलंयसा का कुठं?"

"छपराला लागतंय, म्हणून तेवढा कुसळीचा पट्टा हाय. काळविटंबी तितंच बसत्यात."

मौलाने फेऱ्या घेतल्या आणि टोपी काढली. शहाजादी खाली उतरली आणि पिवळ्या गवतात दिसेनाशीच झाली. नुसती कुसळं हलत होती. मग ती सुटली. काळा नर नांगरटीकडे पळाला. ती त्याच्या अगदी मागच्या खुरांपाशी पोचली, आणि तिथेच गवत संपलं. पहिल्याच ढेकळावर तिचा पाय मुरगळला. ती कोलमडली, उठली, लांब जाणाऱ्या कळपाकडे बघत राहिली आणि लंगडत गवतात परत येऊन बसली.

गाडीत लाकडी पळी होती, तीत बकऱ्याचं मटण. चित्त्याने शिकार सोडावी म्हणून ती पुढे करायची, तीही शिकार झाल्यावरच. फुकट दिली की चित्ता पुन्हा शिकारीला उठत नाही, असं मौलाच्या बापाने त्याला बजावलं होतं.

मौलाने पळी शहाजादीपुढे धरली.

"गावलं न्हाय, तरी चारतासा?" बनाबाईने विचारलं.

"आता तिला कुठं पळायचंय?" तो म्हणाला. "एक भारा गवत द्याल का? पिंजऱ्यात अंथरीन म्हणतो."

"न्या की."

बनाबाईने विळा घेतला. पहिल्याच मुठीला दोन लावे फडफडत उठले. ती थांबली, आणि थोडं सरकून दुसरीकडे कापायला बसली.