आकारामच्या नावाचा आदेश

गावाकडच्या गुरुजींनी पोरांच्या जन्मतारखांचा जो खेळखंडोबा करून ठेवलाय, त्याला तोड नाही. कुरुंदवाडात ज्याला विचारावं तो एक जूनचा! आकाराम नावाडीही त्यातलाच. शाळेत लवकर घ्यावं म्हणून बापाने वय तीन वर्षं वाढवून सांगितलं, गुरुजींनी एक जून लिहून टाकला आणि तेच आता आडवं आलं. पुरात लोकांना बाहेर काढणाऱ्या नावाड्यांचा सरकारी विमा एक जूनपासून सुरू व्हायचा, आणि साठ पूर्ण झालेल्याला त्यात जागा नव्हती. नेमका त्याच दिवशी आकाराम कागदोपत्री साठ वर्षांचा झाला.

यादीची जबाबदारी नायब तहसीलदार अवंतिकाची. शाहूपुरीतल्या मास्तरांची लेक, नियमाला पक्की. "विमा नाही, तर नावेत पाय ठेवायचा नाही," असं तिने सांगितल्यावर आकाराम भडकला.

"म्हातारा म्हंता व्हय मला? बारा वर्सांनी येतंय त्या कन्यागताच्या वर्साला जल्मलोय मी, सत्तावन्नच भरली. वाडीच्या देवाला इचारा की!"

"देवाचा दाखला चालत नाही, काका."

तो तरातरा निघून गेला. तिला वाईट वाटलं. पण माणसाला तसंच पाण्यात ढकलायचं आणि काही बरंवाईट झालं की 'आमच्या यादीत नव्हता' म्हणून हात झटकायचे, हे तिच्याच्याने होणारं नव्हतं.

ऑगस्टात पाणी चढलं. एका दुपारी मळ्यातल्या घरात सहा माणसं अडकली, त्यात एक दिवस भरलेली बाई. यादीतला जोतीराम दोनदा नाव घेऊन गेला आणि दोनदा रिकामा परतला.

"वाटंत इहिरी हाईत, तारा हाईत. पान्याखाली कायबी दिसंना," तो म्हणाला. "आकारामतात्यालाच ठावं हाय सगळं."

तिने तहसीलदार साहेबांना फोन लावला. "पाठव म्हाताऱ्याला," साहेब म्हणाले. "त्याचं नाव कुठे लिहू नकोस म्हणजे झालं."

अवंतिकाच्या डोक्यात तिडीकच गेली. आकाराम घाटाच्या पायरीवर केव्हाचा धोतर खोचून उभा होता. त्याला थांबवून तिने छत्रीखाली, गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला घेतलं.

"काय लिवलंय?"

"तुम्हाला मी सरकारी कामावर पाठवतेय. वय साठ पूर्ण आहे, विमा नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या जिवाची जबाबदारी आमच्या कचेरीची. खाली माझी सही."

लाईफ जॅकेटला जन्मात हात न लावणाऱ्या त्या माणसाने ते घातलं, पट्टे आवळले आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत छातीशी ठेवला. मग जोतीरामला घेऊन त्याने नाव सोडली.

दीड तास ती घाटावर येरझाऱ्या घालत राहिली. नाव दिसली तशी तिने डोकी मोजली. सहा, जोतीराम आणि आकाराम. मग ती पायऱ्या उतरून पाण्याशी गेली.

बाईला हाताला धरून वर आणल्यावर आकारामने पिशवी अवंतिकापुढे धरली.

"फाडून टाका ह्यो. कुनी बगितला न्हाय. उद्या तुमच्या नोकरीवर यील, पोरी."

तिला रडू आवरेना. दीड तास ती त्याच्या जिवाला घाबरत होती, आणि त्या पाण्यात त्याला घोर लागला होता तो तिच्या नोकरीचा.

"फाडायचा नाही, काका. हाच घेऊन तुमच्या विम्यासाठी भांडायचंय मला." तिने बॅगेतून कचेरीचा शिक्का काढला आणि सहीशेजारी दाबून उठवला.

आकाराम जॅकेटचे पट्टे सोडायला लागला होता.

"राहू दे अंगात," ती म्हणाली. "पाणी अजून चढतंय."