राजीवचा झेल आणि झेंडूची पाकळी

टक्. दुपारच्या शांत घरात पुन्हा टक्. छोटी सुची माझ्या हनुवटीच्या पट्ट्याचं बटण लावते, काढते, परत लावते.

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे, डोक्यावर घालायचा. सगळे मला हेल्मेट म्हणतात. आज मी अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या एका मराठी घरात टीव्हीशेजारच्या फळीवर बसलोय. पण एके काळी हजारो माणसांचा गजर माझ्या कानाच्या भोकांतून आत शिरायचा आणि माझं सगळं अंग थरथरायचं.

कारखान्यात जाड प्लास्टिक साच्यात ओतून मला घडवलं. आत मऊ गाद्या बसल्या, तोंडावर लोखंडी जाळी आली आणि मी राजीवच्या, म्हणजे सुचीच्या बाबाच्या, डोक्यावर चढलो. राजीव अमेरिकन फुटबॉलमधला टाइट एंड. ओळीच्या टोकाचा गडी. समोरून रेड्यासारखे खेळाडू धावून येतात, त्यांना अडवायचं. आणि कधी नशिबाने बॉल आपल्याकडे आलाच, तर झेलून पळायचं. मार खायचा आम्ही, टाळ्या मिळायच्या दुसऱ्यांना. तरी काय मजा यायची सांगू! धडक बसली की मी घंटेसारखा घणघणायचो आणि राजीव आतून हसायचा.

त्याची आई शैला फोनवर मैत्रिणींना सांगायची, "डॉक्टरचा मुलगा आमचा, आणि करतो काय, तर लोकांना ढकलतो." पण तिने एक मॅच चुकवली असेल तर शपथ.

एका खंडेनवमीला तिने फर्मान काढलं, "तुझं हत्यार घरी आण."

"आई, हेल्मेट आहे ते. वेपन नाही."

"बाबांचा स्टेथोस्कोप पुजते, माझं शिवणयंत्र पुजते. तुझंच काय आभाळातून पडलंय? आण मुकाट्याने."

तर मित्रांनो, मी चक्क पाटावर बसलो! हळदकुंकू, अक्षता आणि जाळीत खोचलेलं कुंडीतलं झेंडूचं फूल. शेजारी स्टेथोस्कोप. एवढा मान मला मैदानावर कधी मिळाला नव्हता. परत जाताना राजीवने कुंकू पुसलं, फूल काढलं. एक पाकळी मात्र गादीमागे सरकली. ती मी लपवून ठेवली.

डिसेंबर उजाडला, मोसमातली शेवटची मॅच आली. इतकी वर्षं खेळून राजीवच्या नावावर एकही टचडाउन नव्हता, म्हणजे बॉल घेऊन तो शेवटच्या रेषेपलीकडे कधी पोचलाच नव्हता. त्याच्या जागी तरुण गडी येणार हे ठरलं होतं. आज नाही तर कधीच नाही.

सकाळी पोहे खाताना सुचीने विचारलं होतं, "बाबा, तिथे जाऊन बॉल पकडला की हाऊ डझ इट फील?"

"आज पकडतो आणि घरी येऊन तुला सांगतो. प्रॉमिस."

मॅच अगदी अटीतटीची. शेवटची काही सेकंदं उरली, आम्ही मागे. राजीवने समोरच्याला खांद्याने असा काही बाजूला सारला आणि तो सुटलाच! मागे वळून पाहिलं तर बॉल हवेत, गरगरत, थेट आमच्याकडे येणारा. राजीव उडाला. मीही उडालो म्हणा ना. त्याची बोटं बॉलवर मिटली, पाय रेषेपलीकडे टेकले, आणि त्याच क्षणी दोन गडी दोन्हीकडून आदळले. माझ्या अंगाला तडा गेला. राजीवने बॉल सोडला नाही. सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं.

आत खोलीत त्याला बाकावर बसवून मला काढलं, तेव्हा ती वाळकी पाकळी त्याच्या मांडीवर पडली. शैला आणि त्याची बायको रेखा धावत आल्या होत्या. राजीवने पाकळी उचलली, आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "सॉरी आई, पूजेला उशीर झाला का?"

पूजा होऊन तर दोन महिने उलटले होते. शैलाच्या हातातली पर्स खाली पडली. रेखाने त्याचा हात घट्ट धरला.

तो बरा झाला, मित्रांनो. आता शाळेतल्या मुलांना खेळ शिकवतो. प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून बघितल्याशिवाय कुणाला मैदानात सोडत नाही. सगळं त्याला परत आठवलं, फक्त तो झेल नाही. मी त्याचं डोकं वाचवलं. तो एक क्षण मला वाचवता आला नाही. म्हणून सांगतो, धावा, उड्या मारा, धडका. पण आम्हाला नीट बांधा, आणि डोकं दुखलं तर लपवू नका. माझ्यासारखे टोप दुकानात मिळतात.

टक्. बटण लागलं. समोर राजीवने व्हीसीआरमध्ये पुन्हा त्याच मॅचची कॅसेट घातली आहे. तो पुढे वाकून बघतोय, दुसऱ्याच कुणाचा खेळ बघावा तसा. झेल झाला की तो टाळ्याही वाजवतो.

सुची मला कडेवर घेऊन रेखाजवळ जाते आणि हळूच विचारते, "आई, टीव्हीतल्या बाबाला माहितीये कसं वाटलं ते. मग तो आपल्या बाबाला का नाही सांगत?"