धुक्यात उभा राहिलेला त्रिकोण

मित्रांनो, मी एक जुना लाल त्रिकोण आहे. गाडी रस्त्यात बंद पडली किंवा ठोकली गेली की मागून येणाऱ्यांना सावध करायला रस्त्यावर उभा करतात ना, तोच मी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. आम्हा त्रिकोणांचं बहुतेक आयुष्य डिकीच्या अंधारात, स्टेपनीला टेकून जातं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लाल पट्ट्या, खाली दुमडणारे तारेचे पाय, आणि उजेड पडताच झळाळून उठणारं अंग. तपासणाऱ्या बाईंनी मला दिव्यासमोर धरलं आणि त्या म्हणाल्या, “हा तर लांबूनच ओरडतोय!” त्या एका वाक्याच्या जोरावर मी बरीच वर्षं ताठ मानेने जगलो.

पुढे मी गाडीबाईंकडे आलो. त्या गाडी चालवायला शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना गाडीबाईच म्हणत. त्यांची पिवळी गाडी आणि जुन्या गोदामामागचं मोकळं मैदान, एवढीच त्यांची शाळा. दुसरीकडे पहिल्या दिवशी क्लच आणि गिअर शिकवतात. बाई मात्र आधी डिकी उघडायला लावायच्या. मग शिकाऊ मला काखोटीला मारून मैदानभर धावायचा आणि लांब नेऊन उभा करायचा. सकाळच्या उन्हात काय गंमत चालायची! कुणी मला उलटा उभा करी, कुणाच्या बोटाला माझे पाय चिमटा काढत. एकदा एका जाड्या न्हाव्याने हसत विचारलं, “बाई, गाडी शिकवताय की अपघात?”

बाई हसल्या नाहीत. “माझा मोठा भाऊ गाडीत अडकला होता,” त्या म्हणाल्या. “बिचाऱ्या लोकांनी मदत म्हणून हाताला धरून ओढून काढला. मान आधीच दुखावलेली होती. तो परत कधी उभा राहिला नाही. लोक वाईट नव्हते हो, त्यांना माहीत नव्हतं.”

न्हाव्याने मला पुन्हा उचललं आणि सरळ उभं केलं.

बाईंच्या शेवटच्या विद्यार्थिनी म्हणजे चष्मेवाल्या वहिनी. त्यांच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान, आणि त्याचीच नजर अधू होत चाललेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा! म्हणून वहिनींनी चाळिशी ओलांडल्यावर स्टिअरिंग हातात घेतलं. स्वभावाने भित्र्या. गिअर टाकला की गाडी अशी गचके खायची की डिकीत माझी हाडं खिळखिळी व्हायची. परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या होत्या. “मला नाही जमायचं, बाई,” असं त्या रोज म्हणायच्या आणि बाई रोज म्हणायच्या, “उद्या नाही म्हणा. आज चालवा.”

एका सकाळी दाट धुकं होतं आणि वहिनी बाईंना शेजारी बसवून रस्त्यावर गाडी चालवत होत्या. वळण संपताच एक फाटा लागतो, तिथून पावाची व्हॅन भरधाव आली आणि बाईंच्या बाजूच्या दारावर आदळली. मी डिकीत पार उलटापालटा झालो. काच फुटल्याचा आवाज झाला, आणि मग सगळं एकदम शांत.

“बाई? अहो बाई!”

उत्तर म्हणून फक्त कण्हणं आलं.

मला वाटलं, झालं, वहिनी आता रडायला लागतील. पण इंजिन बंद झाल्याचं मला जाणवलं. धोक्याचे दिवे टिकटिक करू लागले. मग वहिनींचा फोनवरचा आवाज आला. कापरा, पण स्पष्ट: कुठलं वळण, कुठला फाटा, एक बाई जखमी, शुद्धीवर आहेत पण मान हलवत नाहीत.

तेवढ्यात पाववाला ओरडत आला. “दिसत नाही का तुम्हाला? शिकाऊ लोकांनी रस्त्यावर यायचंच कशाला!”

“चूक कुणाची ते नंतर बघू, दादा,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हाला लागलंय का? नाही ना? मग डिकीत लाल त्रिकोण आहे, तो वळणाच्या अलीकडे नेऊन ठेवा. कडेकडेने जा आणि कडेनेच परत या. पळा!”

त्याने मला उचललं. आजवर कितीतरी शिकाऊंनी मला उचललं होतं, पण इतकं घट्ट छातीशी कुणी धरलं नव्हतं. धावता धावता त्याचा सगळा राग विरघळून गेला. वळणाआधी त्याने मला उभं केलं आणि तो माघारी पळाला.

मी एकटा उरलो. समोर पांढरं धुकं, मागे ताज्या पावाचा वास आणि माणसांचे आवाज.

आसपासचे लोक जमले होते. “बाहेर ओढा त्यांना! बघत काय बसलात?”

“हात लावायचा नाही!” हा वहिनींचा आवाज होता यावर माझा विश्वास बसेना. त्या मागच्या सीटवर बसून बाईंचं डोकं दोन्ही तळव्यांत स्थिर धरून होत्या, हे मला नंतर कळलं. “गाडीला आग नाही, धूर नाही. मान हलली तर घात होईल. मदत येईपर्यंत कुणी हलवायचं नाही.”

“तुम्ही काय डॉक्टर आहात?”

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “मी शिकाऊ आहे.”

आणि मला समोरून घरघर ऐकू आली. धुक्यातून दोन दिवे उगवले. माणसांनी भरलेली बस! ती तशीच वळली असती तर त्या सगळ्या गर्दीवर गेली असती. माझ्यात जितकी चकाकी उरली होती तितकी मी त्या दिव्यांना परत केली. ब्रेक किंचाळले. बसचं पुढचं चाक माझ्या एका पायावर चढून थांबलं. पाय चिरडला. पण बस थांबली, मित्रांनो. थांबली!

रुग्णवाहिका आली. बाईंच्या मानेला पट्टा बांधून, फळीवर घेऊन त्यांना अलगद उचललं. पोलिसांनी विचारलं तेव्हा वहिनींनी जे पाहिलं तेवढंच सांगितलं, आणि जे पाहिलं नव्हतं त्याला सरळ “मला दिसलं नाही” म्हटलं. ते ऐकून पाववाला स्वतःच पुढे झाला. “मीच न थांबता फाट्यावरून आलो,” तो म्हणाला आणि रस्त्यावर सांडलेल्या पावांमध्ये मटकन बसला.

बाई वाचल्या. हिंडूफिरू लागल्या, पण एका हातात पूर्वीची ताकद आली नाही. शाळा बंद झाली. पिवळी गाडी भंगारात गेली. वहिनी तिसऱ्या परीक्षेत पास झाल्या आणि मला आपल्या गाडीत घेऊन आल्या. पहिल्यांदा त्यांनी बाईंनाच फिरायला नेलं. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाईंचा पाय जुन्या सवयीने तो शोधू लागला.

“इथे नाहीये हो,” वहिनी म्हणाल्या.

“बरं झालं,” बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आता माझा रंग विटलाय. माझ्या अंगावर छत्र्या, पिशव्या, कुणाच्या तरी रॅकेटी पडलेल्या असतात. कधीकधी ते उन्हातलं मैदान आठवतं, मला घेऊन धावणारी माणसं आठवतात, आणि जीव हळवा होतो. नव्या गाड्यांतले माझे भाऊबंद तर पिशवीतून कधी बाहेरच येत नाहीत.

म्हणून एक मागणं आहे. आज घरी गेलात की मोठ्यांना डिकी उघडायला लावा आणि आम्हाला एकदा हातात घ्या. कधी अपघात दिसला तर घोळक्यात घुसू नका, फोन वर धरून चित्रं काढू नका. कडेला थांबा आणि मदतीला फोन लागलाय का ते विचारा. मला रस्त्यावर उभं करायची वेळ तुमच्यावर कधी न येवो. पण आलीच, तर भांडायला तोंड उघडण्याआधी डिकी उघडा. मी तिथेच असेन.